आडबंदरचा पाचवा थर

अंगठ्याच्या नखाएवढी दोन सुपं, पेन्सिलीने काढलेली, शेजारी शेजारी, एकाच्या विणीच्या रेघा घाईत अर्धवट सोडलेल्या, आणि दोन्हींच्या तोंडातून निघालेला एकेक बाण खालच्या तिसऱ्या सुपात जाऊन पोचलेला — उत्तराने फोनच्या पडद्यावर दोन बोटं फाकवून चित्र मोठं केलं, मग आणखी मोठं, इतकं की सूप नाहीसं होऊन नुसता भुरकट कागद आणि त्यावरची शिशाची धूळ उरली, मग परत लहान केलं, तरी सुपं होती तिथेच. खाली ऋताने लिहिलं होतं, ‘मॅडम, ही पानं आहेत का? की मासे? मला काहीच कळेना.’ पानं कसली गं ऋता... एका बाजूला रुंद उघडं तोंड, दुसरीकडे वर वळलेला काठ, आणि काठाला बांधलेली वेताची पट्टीसुद्धा सोडलेली नाही या माणसाने. वरच्या एका सुपात आकडा होता तीन. दुसऱ्यात पाच. खालच्या सुपात आकडा नव्हता, तिथे थान सरांनी प्रश्नचिन्ह काढलं होतं.

तीन आणि पाच. गॅसवर दूध होतं, ते वर येत होतं, तिला दिसत होतं की ते वर येतंय, आणि तरी हात पुढे होईना. तिचा नवरा देवव्रत बाल्कनीत पेपर वाचत होता, तिथून ओरडला, “अगं दूध!” आणि चपला फटफटवत स्वतःच आत आला, गॅस बंद केला, ओट्यावर फडकं टाकलं. “लक्ष कुठाय तुझं?” तो म्हणाला. सदतीस-अडतीस वर्षं झाली आडबंदरच्या त्या उत्खननाला. दोन सुपं.

थान वेइलिन जानेवारीत गेले. एक्क्याण्णवाव्या वर्षी, झोपेत, असं त्यांच्या मुलीच्या पत्रात होतं. चिनी मातीच्या जुन्या भांड्यांचा एवढा मोठा अभ्यासक, आणि त्याच्या जाण्याची बातमी उत्तराला कळली ती तीन आठवड्यांनी. मुलगी स्मृतिग्रंथ काढते आहे. ‘बाबांच्या आयुष्यावर आणि कामावर तुम्हीच लिहावं, भारतातली त्यांची मैत्रीण म्हणून त्यांनी नेहमी तुमचंच नाव घेतलं.’ मैत्रीण! हा शब्द वाचून उत्तराला तेव्हा रागच आला होता. तीस वर्षांत एक ओळ नाही, ना त्यांची मला, ना माझी त्यांना. मग मुलीने त्यांच्या भारतातल्या वह्या, स्वतः न वाचताच, स्कॅन करून पाठवल्या, चिनी अक्षरात, आणि उत्तराचं चिनी भांड्यांच्या तळावरचे शिक्के वाचण्यापुरतं, म्हणून तिने ऋताला गळ घातली. ऋता तिची जुनी विद्यार्थिनी. एम.ए.नंतर चिनी शिकली, आणि आता अंधेरीला एमआयडीसीत पॅकिंगची यंत्रं मागवणाऱ्या एका कंपनीत दुभाषी आहे. जेवणाच्या सुट्टीत दोन दोन पानं करून पाठवते बिचारी.

आज संध्याकाळपर्यंत लेख जायचा होता. झालाच होता जवळजवळ. तो लिहिताना आपण फार समतोल आहोत असं उत्तराला वाटलं होतं, जुनं सगळं विसरून मोठ्या मनाने लिहितोय असं. नदीकाठच्या भट्ट्यांच्या गावातला कुंभाराचा मुलगा. लहानपणी बापाची मोडकी भांडी जिथे फेकली जायची त्या ढिगाऱ्यावर खेळला. पुढे विद्यापीठात गेला, मग सांस्कृतिक क्रांतीचे ते वाईट दिवस आले तेव्हा शिकलेल्यांना खेड्यात धाडलं त्यात हाही गेला, सहा वर्षं डुकरं राखली, आणि कोटाच्या अस्तरात अकरा खापऱ्या शिवून ठेवल्या, रात्री अंधारात बोटांनी चाचपून त्यांचे काळ स्वतःला पाठ म्हणून दाखवायचा. परत आल्यावर ती नदी उगमापासून मुखापर्यंत पायी चालला. बहात्तर भट्ट्या शोधल्या. इथवर उत्तराने छान लिहिलं होतं. पुढे आला नव्वद साल, त्यांचा गाजलेला सिद्धांत, की त्या भट्ट्यांचा माल समुद्रापार जाऊ लागला तो सगळे समजतात त्याच्या दीडशे वर्षं आधी. आणि त्या सिद्धांताचा एकुलता एक समुद्रापारचा पुरावा होता आडबंदरचा तुकडा. उत्तराचा तुकडा. हिरवट झिलईचा, वाडग्याच्या तळाचा, तीन बोटं रुंद. आडबंदरच्या पाचव्या, खालच्या आणि म्हणून जुन्या थरात मिळालेला, जिथे राजाचं नाव असलेलं नाणं मिळालं होतं आणि म्हणून ज्याच्या काळाबद्दल कुणालाच शंका नव्हती.

तिने ऋताचा आवाजी निरोप लावला. मागे कुठलंतरी यंत्र घरघरत होतं.

“मॅडम, त्या चित्राखाली जे आहे ना ते वाचते. ‘धुणाऱ्या बाईंनी करून दाखवलं. दोन सुपांतला माल अर्धा वाळला, की त्या तो एका सुपात करतात. घरी फळांच्या साली वाळवताना करतात तसंच. तुकडा सापडला त्या दिवशी अंगणात तिसरा थर आणि पाचवा थर, एकत्र. म्हणजे हिरवा तुकडा दोन्हींपैकी कुठलाही.’ मग एक ओळ सोडलीये मॅडम. आणि लिहिलंय, ‘उ. ला माहीत नाही. तिला कळू नये.’ उ. म्हणजे तुम्हीच ना? मला ना यार... सॉरी मॅडम, पण अंगावर काटाच आला.”

उत्तरा खुर्चीत बसली. तिने निरोप परत लावला. मग परत. तिसऱ्यांदा लावला तेव्हा देवव्रत समोर येऊन उभा होता.

उ. ला माहीत नाही.

आडबंदरची छावणी... माडांची बाग, पाच तंबू, आणि बागेच्या कडेला खापऱ्या धुणाऱ्या सोनूबाईचं अंगण सारवून घेतलेलं, कारण खणून निघालेल्या खापऱ्या तिथे धुवायच्या आणि वाळवायच्या. एका थराच्या खापऱ्या एका सुपात, सुपात कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर थराचा आकडा, चिठ्ठी उडू नये म्हणून वर एक गोटा. संध्याकाळी ती चिठ्ठी बघून प्रत्येक खापरीवर दौतीतल्या शाईने बारीक आकडा टाकायचा, वर पारदर्शक नेलपॉलिशचं एक बोट. एकदा आकडा पडला की पडला. खणताना चूक झाली तर भिंतीवर थर दिसतो, पुन्हा मोजता येतं. पण सुपात चूक झाली तर ती जगात कुणालाही कधीही सापडत नाही, हे उत्तरा पुढे पंचवीस वर्षं वर्गात सांगत आली. सांगताना मुलांना डोळे मोठे करून दाखवायची. आणि त्या दिवसाचं तिला आठवत होतं ते एवढंच — ती विहिरीवरून आंघोळ करून आली, एक चिठ्ठी वाऱ्याने सुपाबाहेर सरकली होती, ती तिने जागेवर ठेवली. बस्स. एवढंच. कधी मनात आलंच तर एवढंच यायचं.

“काय झालंय सांगशील का?” देवव्रत म्हणाला.

तिने सांगितलं. तुटक तुटक सांगितलं, मधेच हसली, मग हुंदका आला. ब्याण्णवच्या डिसेंबरात थान सर मुंबईला आले, तिच्या आईच्या घरी मुलुंडला जेवले, जेवण झाल्यावर समोरची रिकामी बशी उलटी करून तळ बघायला लागले, आणि आई घाबरली, की बशीला काही घाण लागली होती का! तेवढं हसलो आम्ही. मग दंगली, मग उत्तराला कावीळ, आणि जानेवारीच्या अखेरीला ते एकटेच आडबंदरला गेले, तिथल्या शाळेच्या मास्तरांना बरोबर घेऊन. चार दिवसांनी परत आले. विमानतळावर तिचा हात हातात घेऊन म्हणाले, ‘तुमची नजर चांगली आहे. ती जपा.’ आणि चौऱ्याण्णव साली त्यांनी स्वतःच्याच मासिकात दीड पानाची टीप छापली, की आडबंदरच्या तुकड्याची झिलई वाचण्यात माझी चूक झाली, तुकडा नंतरचा आहे, सबब मी माझा सिद्धांत मागे घेतो. माझी चूक. माझी नजर चुकली. थराबद्दल एक अक्षर नाही, सुपाबद्दल नाही, उत्तराबद्दल तर नाहीच.

“आणि मी काय केलं माहितीये?” उत्तरा म्हणाली.

देवव्रतला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. ज्या तुकड्यावर तिची पीएचडी, ज्याच्या जोरावर तिला विद्यापीठात नोकरी, तो तुकडा हा माणूस असा एका टिपेत फुंकून टाकतो म्हणजे काय! वरून दबाव आला असेल, घाबरला असेल, पद वाचवत असेल. तिने पंच्याण्णवला उत्तर लिहिलं, अकरा पानी, आणि त्यातलं शेवटचं वाक्य अजून परिषदांमधून लोक तिला ऐकवतात: ‘ज्याची नजर वाऱ्याबरोबर फिरते, त्याच्या हातात खापर देऊ नये.’ केवढ्या टाळ्या पडल्या होत्या त्या वाक्याला. तीसेक वर्षांची पोरगी, आणि बघा कशी चिन्यांना सुनावते. ते वाक्य चिनी भाषेतही गेलं, त्यांच्या विरोधकांनी नेलं. त्यांचं सर्वेक्षणाचं पद गेलं. विद्यार्थी काढून घेतले. एका तालुक्याच्या गावातल्या वस्तुसंग्रहालयात, तळघरात, बावीस वर्षं खापऱ्यांची सूची करत बसवलं. चाळीस हजार खापऱ्या, प्रत्येकीचं एक कार्ड, सगळी त्यांच्या हाताची. हे सगळं मुलीने पाठवलेल्या टिपणात आहे, आणि उत्तराने लेखात ‘उत्तरायुष्य त्यांनी शांतपणे सूचिकार्यात व्यतीत केलं’ असं लिहून टाकलं होतं. व्यतीत केलं! काय पण शब्द. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

“हे बघ,” देवव्रत तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवत म्हणाला, “वाईट झालं. फार वाईट झालं. पण तुझा काय दोष त्यात? तुला माहीतच नव्हतं. त्यांनीच लिहून ठेवलंय, तुला माहीत नव्हतं म्हणून.”

“हो,” ती म्हणाली.

“मग? लिही तसं. खरं ते लिही. त्यांचं नाव धुऊन निघेल.”

ती पाणी प्यायली. आणि हळूहळू, लाज वाटावी इतक्या हळूहळू, तिला बरं वाटायला लागलं. खरंच की. एका भल्या माणसाने एका अजाण मुलीला वाचवलं, स्वतः बुडाला, आणि त्या मुलीने नकळत त्याच्याच पाठीत सुरी खुपसली. ती लॅपटॉप उघडून बसली आणि तासाभरात दोन पानं सरसर लिहून झाली. ‘मला माहीत नव्हतं. आज, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांच्या वहीतल्या एका चित्रामुळे मला ते कळतं आहे.’ वाचून बघितलं. छान झालं होतं. वाचणारा रडेल असं झालं होतं, आणि तो उत्तरासाठीही थोडा रडेल, हेही तिच्या लक्षात आलं, आणि तरी तिने एक शब्द बदलला नाही.

फक्त एक गोष्ट राहिली होती. वर्गात सांगायची ती — वहीवर विसंबू नका, ज्याच्या हातांनी काम झालं त्याला विचारा. सोनूबाई अजून आहे. भांडुपला नातवाकडे असते, दर मे महिन्यात नातसुनेबरोबर आमसुलांची पिशवी पाठवते. तिच्या तोंडून एकदा ऐकलं, की तळटीप पक्की. उत्तराने साडी बदलली आणि रिक्षा पकडली.

मुलुंडहून भांडुप ते काय, पण शास्त्री मार्गावर मेट्रोचे खांब उभे राहतायत तेव्हापासून वीस मिनिटांचे चाळीस होतात. ती मनातल्या मनात ती दोन पानं पुन्हा वाचत होती. ‘नकळत’ हा शब्द दोनदा आलाय, एक काढायला हवा...

दार नातसुनेने उघडलं, सपनाने. “अय्या, मॅडम तुम्ही? फोन नाही काही नाही! आजे, बघ कोण आलंय.” सोनूबाई पलंगावर भिंतीला टेकून लसूण सोलत बसली होती. ऐंशीच्या पुढची, हाताची हाडं दिसायला लागलेली, पण नजर शाबूत.

“कोण? उत्तराबाय? ये गे, बस हयसर. आमसुला मिळाली मां यंदाची?”

“मिळाली. फार छान होती.” उत्तरा पलंगाच्या कडेला बसली. “सोनूबाई, एक विचारायचं होतं. तो चिनी पाहुणा आठवतो तुम्हाला? आपल्या अंगणात आलेला, मास्तरांबरोबर?”

“आठवता तर! उंच, चष्मेवालो. माझ्या अंगणात मांडी घालून बसललो. घावणे खाल्ल्यान चार.” ती हसली. “तेणी इचारल्यान, खापऱ्यो कशी धुवतास, कशी सुकवतास. मी सगळा करून दाखवलंय. दोन सुपातला एका सुपात केलंय. अर्धी अर्धी सुपा कित्याक अडकवून ठेवूची? आमसुला सुकवताना आमी तसाच करतो.”

“आणि मग?”

“खूप येळ त्या सुपाकडेच बघीत रवलो. मगे मास्तरांका कायतरी इचारल्यान. मास्तर म्हणाले, सोनूबाय, ह्यो इचारता, ह्या उत्तराबायक म्हायत आसा काय?”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“नाय म्हटलंय. तिका कायेक म्हायत नाय म्हटलंय.”

उत्तराने श्वास सोडला. झालं. पक्कं झालं. “बरोबरच सांगितलंत तुम्ही,” ती म्हणाली, “मला कुठे काय माहीत होतं.”

सोनूबाईचे हात थांबले. लसणाची पाकळी बोटांत तशीच. तिने उत्तराकडे पाहिलं, आधी गोंधळून, मग थट्टेने, आपलं माणूस उगाच सोंग करत असलं की बघतात तसं.

“गे बाय! माझ्याकडे कित्याक लपवतस आता? मी तुका त्याच सांजेक सांगललंय नाय? तू न्हावन इललंस, केस ओले तुझे. मी म्हटलंय, बाय, माझ्याकडसून चूक झाली, दोन सुपा एकत्र केलंय, आता खयचा खयचा कळना नाय. मी तर रडाक इललंय. आणि तू काय म्हटलंस?”

“काय म्हटलं मी?”

“तू म्हटलंस, असू दे सोनूबाई, मी बघते. कोणाला सांगू नका. आणि तुझो तो वासाचो साबण माका दिलंस. कागदातलो. मी वर्सभर पुरवून वापरलंय तो.” ती पुन्हा हसली. “म्हणान तर तेका मी नाय म्हटलंय. तुझा नाव कित्याक खराब करूचा? एकदा कबूल केला ता केला.”

स्वयंपाकघरात सपना कपबश्या काढत होती, त्यांचा आवाज येत होता. साबण. उत्तराच्या कानात रक्ताचा असा आवाज झाला की सोनूबाई पुढे काय म्हणाली ते तिला ऐकूच आलं नाही. कारण साबण तिला आठवत होता. साबण पहिल्यापासून आठवत होता! छावणीत माझा साबण हरवला म्हणून मी आईला पत्र लिहिलं होतं, दुसरा पाठव म्हणून, विहिरीवर विसरले आणि कुणीतरी नेला म्हणून... आणि आईने पाठवला, दोन वड्या, त्या पत्राचा नि पार्सलाचा किस्सा आमच्या घरी किती वर्षं सांगितला जायचा, उत्तरा किती वेंधळी म्हणून. म्हणजे मी आईशीही खोटं बोलले. एवढ्याशा साबणासाठी. कुणी विचारलं नसताना.

“तेचा काय झाला मगे? त्या पाव्हण्याचा?” सोनूबाई विचारत होती.

“वारले,” उत्तरा म्हणाली. “जानेवारीत.”

“अरे देवा. बरो माणूस होतो गे. जाताना माझ्या पाया पडलो.”

चहा तिने प्यायला की नाही, तिला सांगता आलं नसतं. खाली आल्यावर रिक्षा मिळाली, रिक्षा पन्नास पावलांवर जाऊन खांबांच्या रांगेत अडकली, दोन्ही बाजूंनी डंपर, वरून धूळ, आणि त्या धुळीत ती संध्याकाळ एकदम पुढ्यात आली, सबंध, कुठेही न फाटलेली. चिठ्ठी वाऱ्याने सरकली नव्हती. एका सुपात दोन चिठ्ठ्या होत्या, एकाच गोट्याखाली. लाल खापऱ्या तिने वेगळ्या केल्या, माती बघून, जाडी बघून, अंदाजाने, त्या कशाही गेल्या तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं. शेवटी हिरवा तुकडा उरला. तो तिने तळहातावर घेतला. तिसऱ्यात टाकला तर तो शंभर तुकड्यांसारखा एक तुकडा होता. पाचव्यात टाकला तर भारतात तसला दुसरा नव्हता. आणि उत्तरा — मी — मी जराही अडखळले नाही. कुणी म्हणेल, घाबरली असेल, हात थरथरला असेल. छे! कंदिलाच्या उजेडात मी टाक दौतीत बुडवला, तुकडा उलटा धरला, आणि ‘५’ काढला, इतका सुबक की आमच्या प्राध्यापकांनी सगळ्यांना दाखवला, आकडा असा काढावा म्हणून. मी गुणगुणत होते. ओले केस पाठीवर होते, समुद्राचा वारा होता, आणि मला इतकं सुख वाटत होतं, इतकं निर्मळ सुख, की त्यानंतर लग्नात नाही वाटलं, डिग्री मिळाली तेव्हा नाही वाटलं. पापाची एखादी ठिणगी तरी असावी त्यात, म्हणून ती शोधत राहिली, धुळीत डोळे मिटून शोधत राहिली. नव्हती.

हे विसरता कसं येतं माणसाला? दडपलं असंही नाही, दडपायला आधी टोचावं लागतं. मला टोचलंच नाही कधी. चिठ्ठी सरकली एवढं मी स्वतःला एकदा सांगितलं असेन, कुठल्यातरी सकाळी दात घासताना, आणि मग ते तसंच झालं होतं. बासष्ट वर्षं मी या बाईबरोबर राहतेय, तिला विद्यार्थी घडवणारी, काटेकोर, फटकळ पण सरळ म्हणून ओळखतेय... कोण आहे ही? आणि तिकडे तळघरात तो माणूस एकेक कार्ड लिहीत होता, बावीस वर्षं, थंडीत, आणि त्याला वाटत होतं की आपण एका निष्पाप मुलीला वाचवलं. तेवढाच त्याला आधार असेल. असेल ना? दुसरं काय होतं त्याच्यापाशी? नदी पायी चालून शोधलेलं सगळं त्याने उत्तराच्या निष्पापपणावर ओवाळून टाकलं, आणि तो निष्पापपणा नव्हताच तिथे. एका कोकणी बाईने दिलेला शब्द पाळला, एवढंच होतं तिथे.

फोन वाजला. ऋता.

“मॅडम, बिझी आहात का? एकच मिनिट. त्यांच्या मुलीचा मेसेज आलाय, मी ते पान तिलाही पाठवलं होतं ना. मॅडम, ती रडत होती. म्हणाली, बाबा तिच्या आईलासुद्धा कधी बोलले नव्हते हे. आईला मरेपर्यंत वाटत होतं की यांनी खरंच चूक केली.” ऋताचा आवाज भरून आला होता. “ती म्हणतेय, ते वाक्य पुस्तकाच्या पहिल्या पानावर घ्यायचं. त्यांच्या अक्षरात. ‘उ. ला माहीत नाही. तिला कळू नये.’ बाबा कोण होते ते त्यात आलं म्हणते, आणखी काही लिहायचीच गरज नाही. तुमची हरकत नाही ना, एवढं विचारायला सांगितलंय. आज छपाईला द्यायचंय.”

आणि उत्तराच्या जिभेवर ‘नाही’ आलं. ‘हरकत कसली, घ्या की.’ सगळं तयार होतं, आवाजसुद्धा तयार होता, जरा घोगरा, जरा गहिवरलेला, अगदी हवा तसा. कुणी ते रचलं नव्हतं. ते आपोआप वर आलं, हलकं, निर्धास्त, आणि त्याच्याबरोबर ते सुखही आलं, तेच, निर्मळ, सदतीस वर्षांत जराही शिळं न झालेलं. ती इतकी दचकली की तिने रिक्षाचा दांडा घट्ट धरला.

“मॅडम? ऐकू येतंय ना?”

पुढचा डंपर हलला, रिक्षावाल्याने गिअर टाकला. उत्तराने ओठ घट्ट मिटून घेतले. तोंड उघडलं तर आतून कोण बोलेल, याचा तिला भरवसा वाटेना.